निळं बटण

४ नोव्हेंबर, सोमवार

बारा इंची माणसांचे कपडे शिवणाऱ्या, त्यांच्या कमरेला पिस्तुलं बांधणाऱ्या, त्यांच्या घोड्यांची खोगिरं घासून घासून जुनी करणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींनो! आपल्याला लोक हसतात. घरचे तर जास्तच हसतात. पाहुणे येतात, आपल्या कपाटासमोर उभे राहतात आणि विचारतात, हे काय बाहुल्या खेळायचं वय आहे का? आणि आपण, ज्यांना १८६० सालच्या बुटाची टाच आणि १८८० सालच्या बुटाची टाच नुसत्या बोटांनी ओळखता येते, ते आपण ओशाळं हसून कपाटाचं दार लावून घेतो. किती दिवस लावून घ्यायचं?

वहीतसुद्धा भाषण करतोय, हे मला कळतंय. इलाज नाही. बत्तीस वर्षं कारखान्यांच्या फाटकांवर उभा राहून बोललो. कामगार मला तोफ म्हणायचे, आणि तोफेला समोर कोणीतरी लागतं. निवृत्त झाल्यावर समोर कोणी उरलं नाही. म्हणून ही रोजनिशी तुम्हाला उद्देशून. पुढच्या संमेलनात शब्दन् शब्द वाचून दाखवणार आहे, तुम्ही जांभया दिल्यात तरी.

तर बातमी ऐका. आज मी त्या गावात राहायला आलो! हो, त्याच. ज्याचे फोटो आपण वर्षानुवर्षं एकमेकांना पाठवले, ते घड्याळवाल्यांचं काउबॉय गाव. घड्याळवाले सहा महिन्यांपूर्वी झोपेतच गेले. एक्क्याऐंशी वर्षांचे होते. त्यांच्या धाकट्या बहिणीनं, ताईंनी, मला बोलावलं. सगळं गाव एका संग्रहालयाला द्यायचं ठरलंय. त्याआधी एकेक माणूस तपासायचा, उसवलेलं शिवायचं, उडालेला रंग भरायचा आणि एक रिकामी जागा भरायची. महिनाभराचं काम, राहायचंही इथेच.

गल्ली गोदामांची आहे. पाच दिवस हातगाड्यांचा कलकलाट, शनिवार-रविवार म्हणे चिटपाखरूही नसतं. खाली घड्याळदुरुस्तीचं बंद दुकान, वर दोन खोल्या. जिना सतरा पायऱ्यांचा आणि इतका उभा, की कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं हात दिला नसता तर मी आणि ट्रंक दोघंही परत रस्त्यावर असतो. न्हाव्यानं विचारलं, काका, वरच्या बाहुल्यांसाठी आलात होय? मी ताडकन म्हटलं, बाहुल्या नाहीत, माणसं आहेत. मग दाढीला पाठवा की, म्हणाला. मला तो आवडला.

मागच्या खोलीत पलंग आणि स्वयंपाकाचा ओटा. पुढच्या खोलीला रस्त्यावर उघडणारी मोठी खिडकी, आणि खिडकीला लागून चौदा फुटी टेबलावर गाव. आज फक्त दारातूनच पाहिलं. लग्नानंतर बायकोचा चेहरा पहिल्यांदा नीट पाहताना धीर झाला नव्हता, तसंच काहीसं.

५ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळच्या उजेडात चार तास भिंग घेऊन फिरलो. मित्रहो, मी रडलो.

एकच रस्ता. तारऑफिस, तबेला, किराण्याचं दुकान, दारूचा गुत्ता, आणि पलीकडे घोडागाडीचा थांबा. त्रेचाळीस माणसं. प्रत्येकाच्या डाव्या बुटाखाली सुईनं कोरलंय : १८७२. घड्याळवाल्यांचा हा एकच नियम होता. त्या सालानंतर जन्मलेली एकही वस्तू गावात नको. कुंपणाच्या तारेला काटे नाहीत, कारण काटेरी तार त्यानंतर दोन वर्षांनी आली. कुणाच्याही विजारीला पट्टा अडकवायच्या पट्ट्या नाहीत, सगळ्यांना खांद्यांवरून जाणारे गॅलिस. पिस्तुलं जुन्या धाटणीची, दारू वेगळी भरायची, गोळी वेगळी. तारऑफिसातल्या कारकुनाच्या कानावर पेन्सिल आहे, तीसुद्धा षटकोनी, खाली पडली तर घरंगळू नये म्हणून. कापसाचे दोरे, मेणाचे धागे, शिंगाच्या फण्या. बाजारात मिळणारे ते चकचकीत प्लास्टिकचे गडी घेऊन त्यांना चेन लावलेली जाकिटं चढवणाऱ्यांनी इथे येऊन नाक घासावं!

आणि या सगळ्यात एक डाग.

घोडागाडीच्या गाडीवानाच्या कोटावर, ऐन छातीवर, एक निळं बटण. प्लास्टिकचं. चार भोकांचं, तान्ह्या बाळाच्या झबल्याचं असतं तसलं. बारा इंची माणसाच्या छातीवर ते बशीएवढं दिसतं. ज्या माणसानं पेन्सिलीच्या कडा मोजल्या, त्यानं हे कसं सहन केलं? मला दिवसभर दुसरं काही दिसलं नाही.

७ नोव्हेंबर, गुरुवार

ताई आल्या होत्या. ठेंगणी, चटपटीत बाई, सत्तरी उलटलेली, चहात साखर घालताना मला विचारत नाहीत. माझं काम बघून म्हणाल्या, दादा असता तर तुमच्याशी भांडला असता, म्हणजे त्याला तुम्ही आवडला असता. मग त्यांनीच बटणाचा विषय काढला. म्हणाल्या, भाऊ, सगळं करा, पण त्या गाडीवानाचं काही करू नका हं. दादानं बजावून ठेवलंय. का ते विचारलं, तर त्यांना आठवेना. म्हाताऱ्या माणसाचं काहीतरी, असं म्हणून त्यांनी हात झटकला.

मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे कबूल करणं नव्हे, हे मालकांबरोबरच्या बत्तीस वर्षांच्या वाटाघाटींत मी शिकलोय.

रिकामी जागा गुत्त्यासमोर आहे. एक लाकडी खोकं पालथं घातलंय, निवडणुकीचा वक्ता उभा राहतो तसलं, आणि त्याच्याभोवती अकरा माणसं वर बघत उभी आहेत. वर कोणी नाही. घड्याळवाल्यांना वक्ता जमला नाही. मला जमेल, मित्रहो. मला तर आरशातच सापडेल.

९ नोव्हेंबर, शनिवार

आज गल्ली खरंच ओस आहे. न्हावीसुद्धा दोन दिवस दुकान बंद ठेवतो. सकाळपासून माझाच आवाज ऐकतोय.

दुपारी फोन वाजला. मुलीचा! दहा महिन्यांनी.

तिला मी टिकली म्हणतो. जन्मतः तिला ऐकू येत नव्हतं. चार वर्षांची असताना कानामागे, कवटीत, यंत्र बसवलं, तेव्हापासून ऐकू येतं. त्याआधी ती माझ्या ओठांकडे टक लावून बघायची. दहा हजारांच्या सभा गाजवणाऱ्या माणसाची लेक बहिरी, म्हणून लोक हळहळायचे. पण खरं सांगू? माझं तितकं लक्ष देऊन कोणीच कधी ऐकलं नाही. मग तिला ऐकू यायला लागलं आणि मी सभांना निघून गेलो. तिची आई गेली तेव्हा मी दुसऱ्या गावी बोलत होतो. दहा महिन्यांपूर्वी भांडणात ती म्हणाली, "बाबा, तुम्ही माझ्याशी बोलत नाही. मला उद्देशून बोलता."

आज तिनं विचारलं, कसे आहात, पेसमेकर तपासून घेतलात का. तो बसवायचा हट्ट तिचाच. मी म्हटलं, अगं, मी स्वतःच आता कस्टम फिगर झालोय. दाढेला कॅप, दोन्ही डोळ्यांत मोतिबिंदूनंतर घातलेली भिंगं, छातीत यंत्र. मूळचे भाग किती उरलेत ते कंपनीला विचारावं लागेल. ती हसली. मग म्हणाली, पुढच्या रविवारी येते. सतरा तारखेला, अकराला. तुमची ती माणसं दाखवा मला.

पत्ता दोनदा सांगितला. जिना उभा आहे, कठड्याला धरून ये, असंही सांगितलं. फोन ठेवल्यावर कळलं, की मी उभा राहून बोलत होतो.

११ नोव्हेंबर, सोमवार

वक्ता उभा राहिला! सलग दोन दिवस काम केलं. चेहरा माझा, भुवया माझ्या, कोट माझ्याच जुन्या लोकरी कोटाच्या बाहीतून कापलेला. त्याच्या हाताला पत्रकांची शाई. तोंड मिटलेलं रंगवलं, कारण भाषण सुरू व्हायच्या आधीचा तो क्षण, सगळे गप्प होतात तो, माझा सर्वांत आवडता. डाव्या बुटाखाली सुईनं कोरलं : १८७२. खोक्यावर ठेवला. अकरा माणसांना अखेर बघायला कोणीतरी मिळालं.

आणि मग माझ्याच्यानं राहवेना. टिकली येणार, माझं काम बघणार, आणि तिची नजर आधी कुठे जाणार? त्या निळ्या बशीवर. ताईंना काय कळणार! तत्त्व म्हणजे तत्त्व. एका चुकीला माफी दिली की दुसरी दार ठोठावतेच. हाडाच्या तुकड्यातून दीड मिलिमीटरचं बटण कातलं, मेणाच्या धाग्यानं टाचलं. निळं बटण कापून खिडकीतून रस्त्यावर भिरकावलं. खाली हातगाड्या चालल्या होत्या. कुठे गेलं दिसलं नाही.

आता गावात एकही चूक नाही. टाळ्या, मित्रहो.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

काहीतरी चोरीला गेलंय, पण चोर भलताच गरजू दिसतो. टूथब्रश नाही. बॉलपेन नाही, दुसरंही नाही. टेबलावरचा टेप नाही. म्हणून हे शिसपेन्सिलीनं लिहितोय, घड्याळवाल्यांच्या ड्रॉवरमध्ये सापडली. गंमत म्हणजे चांदीची डबी, पितळी चिमटे, त्यांचं किल्लीचं जुनं घड्याळ, सगळं जागच्या जागी. किमती वस्तू सोडून टूथब्रश नेणारा चोर! न्हाव्याला सांगितलं, तर म्हणाला, काका, कोणीतरी दात घासायला लागलं, चांगलंच आहे की.

ताईंकडे किल्ली आहे.

१३ नोव्हेंबर, बुधवार

बल्ब नाहीत. फुटलेले नाहीत, होल्डरसकट नाहीत. छताला नुसती भोकं. घड्याळवाल्यांचा रॉकेलचा कंदील आहे, तो लावला.

वहीच्या पिना गेल्या, पानं सुटी झाली. शर्टाची बटणं गेली. मनगटी घड्याळ गेलं.

फोनही गेला. आणि टिकलीचा रंगीत फोटो, शाळेच्या गॅदरिंगचा. उशाशी लाकडी चौकट तशीच आहे. काच तशीच आहे. मधे काही नाही.

फोनसाठी मी न्हाव्याकडे धावत गेलो. त्यानं आपला फोन पुढे केला. मी तो हातात धरून उभा राहिलो. मित्रहो, मला माझ्या मुलीचा नंबर येत नाही. कधी पाठच केला नव्हता. सव्वीस मागण्यांची यादी बिनकागदाची म्हणणारा माणूस मी. न्हावी खुर्ची पुसत राहिला.

ती रविवारी येणारच आहे. तोवर इथेच थांबायला हवं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी पाव चावताना दाढ ठणकली. कॅप नाही. गिळली म्हणावं, तर काल रात्री जेवल्यावर जिभेला लागत होती. नुसता झिजलेला खुंट उरलाय.

तोंडातून चोरी कोण करतं?

नीट विचार करायचा म्हणून बसलो आणि उरलेल्या वस्तूंची यादी केली. कंदील. पेन्सिल. लोखंडी कात्री. सुती सदरा. मातीचा माठ. किल्लीचं घड्याळ. गेलेल्यांचीही केली. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. आपल्यापैकी कोणालाही एका नजरेत कळलं असतं. मला दोन तास लागले, कारण मला ते कळून घ्यायचं नव्हतं.

गेलेल्यांत एकही वस्तू १८७२ च्या आधीची नाही. उरलेल्यांत एकही नंतरची नाही.

खोलीची तपासणी चालू आहे. मी गावाची करतो, तशीच.

गुत्त्यासमोरची अकरा माणसं आता वक्त्याकडे बघत नाहीत. माझ्या खुर्चीकडे बघतात. मी त्यांच्या पायाखालचे स्टँड हलवले नाहीत.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

ताई आल्या. मी नको ते बोललो. त्यांना चोर म्हणालो. काल इतकं लख्ख कळूनही आज माणूसच गुन्हेगार हवा होता मला. सवय.

त्या आधी चिडल्या, मग गाडीवानाकडे त्यांची नजर गेली आणि मटकन खाली बसल्या. आता त्यांना आठवलं. अकरा वर्षांपूर्वी, गुत्त्यासमोरचं खोकं अजून आलं नव्हतं तेव्हा, घड्याळवाल्यांनी गाव शेवटच्या खिळ्यापर्यंत पूर्ण केलं होतं. त्याच आठवड्यात एका सकाळी ते ताईंच्या दारात आले. चष्मा नाही, कवळी नाही, सदरा दोरीनं बांधलेला. कोणाशी न बोलता पाळण्यातल्या नातवाच्या झबल्याचं बटण तोडून घेतलं आणि परत गेले. दुसऱ्या दिवशी कवळी घालून व्यवस्थित जेवायला आले. ताईंनी विचारलं, तेव्हा एवढंच म्हणाले, की ती चूक नाही, दाराची कडी आहे. गाव अपुरं आहे तोवर आपल्यातच गुंतलेलं असतं. पुरं झालं, की बाहेर बघायला लागतं.

मी हसलो. मोठ्यानं, सभेत हसतात तसा. ताई उठल्या, म्हणाल्या, भाऊ, तुमचं तुम्ही बघा, मी सोमवारशिवाय यायची नाही. आणि जिन्यात थांबून म्हणाल्या, माझं ऐका हो.

त्या गेल्यावर मला पेसमेकर आठवला.

नजरेसमोर असलेली वस्तू जात नाही, एवढं लक्षात आलंय. मुठीत धरलेलीही जात नाही. औषधाच्या गोळ्यांची एक पट्टी उरली होती, चंदेरी कागदाची. दुपारपासून ती मुठीत आहे. सकाळी ती हातात असेल, तर ताई खुळ्या ठरल्या.

१६ शनिवार

मोठ्या अक्षरांत लिहितोय. दिसत नाही.

मूठ बंद होती. आत काही नव्हतं. डोळे उघडले, तर खिडकी म्हणजे नुसता पांढरा डाग. दोन्ही भिंगं गेली. कोणी डोळ्यात बोट घालत नाही, दुखत नाही, फक्त जातात.

ताई बरोबर. मी चूक. लिहून ठेवतो : मी चूक.

एक चूक परत ठेवायला हवी. एकच. आणि घरात एकही उरली नाही. चाचपून चाचपून सगळं पाहिलं. ड्रॉवर, ट्रंक, पलंगाखाली. सगळं बरोबर आहे. सगळं बरोबर आहे, मित्रहो, इतकं बरोबर मी आयुष्यात पाहिलं नाही — पेन्सिलीनं गाडीवानाच्या कोटावर आजचं साल लिहिलं. नंतर नखानं बुटाखाली चाचपलं, तिथे अजून तेच साल : १८७२. त्यांना लिहिलेलं चालत नाही. वस्तूच लागते.

बाहेर जाऊन आणावी म्हणून जिना उतरलो. तिसरी पायरी चुकली. पाय मुरगळला की मोडला, कळत नाही. हातांवर सरपटत वर आलो. खालचं दुकान बंद. न्हावी नाही.

खिडकीत बसून ओरडलो. बत्तीस वर्षांचा आवाज. गोदामांवर आपटून परत आला. एकदा कोणीतरी चाललेलं ऐकू आलं. मी म्हटलं, अहो, एक बटण फेका वर, कसलंही, प्लास्टिकचं! तो हसला. म्हणाला, काका, आराम करा. पावलं गेली.

तोफ.

तुम्हाला सांगतो ते ऐका. तुमच्याकडे जे सर्वांत निर्दोष काम असेल, ज्याचे फोटो तुम्ही सगळ्यांना पाठवता, त्याच्यावर आजची एक वस्तू लावा. लाज वाटेल अशी. लोक हसतील अशी. हसू दे त्यांना.

उद्या टिकली येणार.

हे आत्ता लक्षात आलं. लिहिताना — उद्या टिकली येणार, सतरा पायऱ्या चढून, कठड्याला धरून. मीच सांगितलंय. तिच्या कवटीत यंत्र आहे. तिथे कोणाची नजर पोचत नाही. कोणाची मूठ पोचत नाही.

१७ रवि

छातीतलं गेलं. पहाटे की नंतर, माहीत नाही. डाव्या बाजूची गाठ हाताला लागत नाही. कातडी सपाट, व्रणसुद्धा नाही. नाडी बघतो. दोन ठोक्यांच्या मधे माझं पूर्ण नाव म्हणून होतं. आडनावासकट.

उभा राहिलो की काळोख. बसून राहतो. खिडकीशी. टेबल हाताशी आहे.

आवाज नाही. ओठ हलतात, पण भाता रिकामा.

गावावरून हात फिरवला. सगळी तोंडं खिडकीकडे. खोक्यावरच्या वक्त्याला हात लावला — मी त्याचं तोंड मिटलेलं रंगवलं होतं. आता उघडं आहे. आत नख जातं.

गाडीवान चाचपून ठेवला. हाडाचं बटण दातांनी तोडलं. धागा तयार आहे, सुईत ओवलेला. जागा रिकामी आहे. बोटानं धरून ठेवलीय ती जागा —

कंदील विझला वाटतं. नाही, दिवसच आहे.

पावलं. गल्लीत. टाच हलकी. तीच. चालताना डावा पाय किंचित ओढते, लहानपणापासून.

बाबा, म्हणून हाक मारली. खालून. पुन्हा मारली.

मी ओठ हलवले. तिला ओठ वाचता येतात. येत होते. तिचं वर लक्ष आहे का, ते मला दिसत नाही. एक पान खाली टाकलं. वाऱ्यानं कुठे गेलं — हे दुसरं. तिसरं नाही, पेन्सिल संपत आली.

मित्रहो, सभा संपली. घरी जा. मला तिच्या एकटीशी बोलायचंय.

टिकली. मी तुझ्याशी बोलतोय. वर येऊ नकोस. दार ढकलू नकोस. पहिल्या पायरीवरसुद्धा पाय ठेवू नकोस. मला काय झालंय ते विचारू नकोस, नंतर सांगेन, बसून सांगेन, तू विचारशील तेवढंच सांगेन. खिडकीखाली उभी राहा. माझा हात बाहेर आहे, तो दिसतोय ना? तुझ्या कोटाचं एक बटण तोड. कुठलंही. या हातात फेक. मी पकडीन. नाही पकडलं, तर दुसरं तोड. फेकत राहा, पण वर

कठडा वाजला —

नाही बाळा, खाली, खाली उत